वकीलकाकांना विचारा: उलटतपासणी कुठून सुरू करू?

प्रश्न: काका, मी खानापूरची, बेळगावात एलएलबी करते. अभिरूप खटल्याच्या स्पर्धेत बचाव पक्षातर्फे मारहाणीच्या प्रत्यक्षदर्शीची उलटतपासणी घ्यायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: बाळ, आधी त्याचा पोलिसांपुढचा जबाब वाच. कोर्टात तो ‘कोयता’ म्हणतो आणि जबाबात ‘काठी’ आहे? मग तुझं खरं काम तिथे आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ नुसार जबाबातला नेमका तेवढा भाग त्याच्यासमोर ठेव. ‘मी असं सांगितलंच नाही,’ असं तो म्हणाला, तर वाद घालू नकोस. तपास अधिकारी साक्षीला आला की तोच भाग त्याच्याकडून सिद्ध करून घे. ही दुसरी पायरी मुलं हमखास विसरतात. मग विसंगती युक्तिवादात वापरताच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे आणखी एक पेच असतो. साक्षीदार मराठीत बोलतो, जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो, आणि त्यावर त्याची सही घ्यायची नसते. ‘लिहिताना शब्द बदलला,’ असं सरकारी पक्ष म्हणणारच. म्हणून जबाब त्याला मराठीत वाचून दाखवला होता का, हे अधिकाऱ्याला विचारायचं की टाळायचं, ते कागद पाहून आधीच ठरव. साक्षीदाराला मात्र ‘का’ विचारू नकोस. हो-नाही एवढंच उत्तर येईल असे प्रश्न लिहून ने.