वाचक विचारतात : सात, हप्ता आणि सप्टेंबर

भाषांच्या नात्यागोत्याविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : सात, सप्ताह, हप्ता, सप्टेंबर यांचे मूळ एकच असे वाचले. म्हणजे मराठी, फारसी आणि लॅटिन एकाच घरातल्या हे सिद्ध झाले ना?

एकाच घरातल्या आहेत हे खरे, पण या चार शब्दांनी ते सिद्ध होत नाही. चौघेही मराठीत वेगवेगळ्या वाटांनी आले. 'सात' वारशाने आला : सप्त, मग प्राकृतात सत्त, मग सात. 'सप्ताह' संस्कृत ग्रंथांतून जसाच्या तसा उचलला. 'हप्ता' फारसीतला. 'सप्टेंबर' इंग्रजीमार्फत आला, त्यात लॅटिन 'सेप्टेम' म्हणजे सात आहे. जुन्या रोमन कालगणनेत तो सातवा महिना होता. 'सात' तेवढा सगोत्र, बाकीचे तिघे सोयरे. उसन्या शब्दावरून शेजार कळतो, वंश कळत नाही.

वंशाचा पुरावा ध्वनींच्या नियमित जोड्यांत असतो. सप्त–हफ्त, सिंधु–हिंदु, मास–माह, सहस्र–हजार : संस्कृत 'स'समोर फारसीत 'ह' येतो. मग हस्त–दस्त (आपल्या दस्तऐवजातला) आणि अस्ति–अस्त यांत 'स' कसा टिकला? कारण त्याच्या लगेच पुढे 'त' आहे. त्या जागी तो टिकतोच. अपवादही असा नियमाने वागू लागला की योगायोगाला जागा उरत नाही.

प्रश्न : मग संस्कृत ही या सगळ्यांची आई का म्हणू नये?

मराठीपुरते म्हणायला हरकत नाही, काटेकोर बोलायचे तर संस्कृतच्या अगदी जवळच्या बोली म्हणा. लॅटिन आणि ग्रीकच्या बाबतीत मात्र संस्कृत बहीण आहे, आणि याचा साक्षीदार संस्कृतमध्येच बसला आहे.

आधी बाहेरून पाहू. संस्कृतात दश, अष्टौ, अजति (हाकतो); लॅटिनमध्ये देकेम, ऑक्टो, आगित. संस्कृतात तिन्हींचा पहिला स्वर 'अ', लॅटिनमध्ये ए, ओ, आ असे तीन स्वर. ग्रीकमध्येही नेमके हेच तीन, याच जागी. तीन स्वर मिसळून एक होणे सोपे. उलट एका 'अ'चे कुठल्या शब्दात 'ए' आणि कुठल्या शब्दात 'ओ' करायचे, हे ग्रीक आणि लॅटिनने एकमेकींना न विचारता सारखेच ठरवले, हे पटण्यासारखे नाही. म्हणजे तीन स्वर जुने, संस्कृतातला एक नवा.

आता आतून. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना 'चकार' आठवत असेल. अर्थ 'त्याने केले'. धातू 'कृ', त्याचा पहिला अवयव इथे दोनदा येतो, यालाच द्वित्व म्हणतात. मग 'ककार' का होत नाही? पाणिनीने 'कुहोश्चुः' हा नियम दिला आहे : द्वित्वाच्या पहिल्या अवयवात कवर्गाचा चवर्ग होतो. म्हणूनच गम्‌चे 'जगाम'. नियम बिनचूक आहे. कारण सांगणे हे त्याचे काम नव्हते. कारण असे की या द्वित्वात पूर्वी 'ए' होता, ग्रीकमध्ये तो अजून आहे. 'ए' उच्चारताना जीभ पुढे सरकते, तिने मागचा 'क' तालूकडे ओढून 'च' केला. पुढे 'ए'चा 'अ' झाला, पण 'च' तसाच राहिला. चोर गेला, पाऊल उमटलेले राहिले. 'आणि' या अर्थाच्या 'च'समोर लॅटिन 'क्वे', 'पञ्च'समोर 'क्विंक्वे' : दोन्हीकडे पुढे 'ए'. 'कः'मध्ये मुळात 'ओ' होता, म्हणून तिथे 'क' शाबूत. हा नियम 1870च्या दशकात अनेक अभ्यासकांना स्वतंत्रपणे सापडला. विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या भाषणात तिन्ही भाषांचा उगम एक असावा आणि तो कदाचित आता अस्तित्वात नसावा असे म्हटले होते. तो अंदाज होता, चकार–जगामने त्याला पुरावा दिला.

प्रश्न : मराठी आणि एका दूरच्या भाषेतले साठ सारखे शब्द मी जमवले आहेत. आता नाते सिद्ध करायला काय करू?

आधी ती यादी बाजूला ठेवा. सारखे शब्द निवडून केलेली यादी ही निकाल आधी लिहून मग घेतलेली परीक्षा आहे.

नवी यादी अर्थांची करा. अवयव, पाच-सहापर्यंतचे आकडे, मी-तू, पाणी, आग, दगड, खाणे, मरणे असे शंभर अर्थ पुरेत. धर्म, व्यापार, कपडे, पिके यांतले शब्द सहज उसने येतात, ते टाळा. आकड्यांवरही आंधळा विश्वास नको : जपानीतले इची, नी, सान हे चिनीतून घेतलेले आहेत. दर अर्थाला दोन्ही भाषांतला रोजचा एकच शब्द, मिळेल तितक्या जुन्या रूपात लिहा, जुळो वा न जुळो. मग शब्द नव्हे, ध्वनी मांडा : इकडे हा, तर तिकडे कोणता, आणि किती वेळा. एखादी जोडी तीन-चार वेगळ्या शब्दांत आली नाही तर ती धरू नका.

सराव मलय आणि मादागास्करची मालागासी यांवर करा. मध्ये अख्खा हिंदी महासागर आहे. उच्चाराप्रमाणे : आग 'आपी'–'आफु', पांढरा 'पुतिह'–'फुत्सी', लाकूड 'कायु'–'हाझु', कातडी 'कुलित'–'हुदित्र', पाच 'लिमा'–'दिमी', आकाश 'लाङित'–'लानित्र'. मलय 'प' तिथे मालागासी 'फ', 'क' तिथे 'ह'. 'ल' मात्र एकदा 'ल' राहतो, दोनदा 'द' होतो. पुढचा स्वर पाहा : 'इ' असेल तर 'द', 'आ' असेल तर 'ल'. सहा शब्दांत एवढे दिसते. सिद्धता म्हणायला आणखी शब्द हवेतच, पण काम असेच चालते. मालागासीचे सर्वांत जवळचे नातलग बोर्निओ बेटावर आहेत.

आता तुमच्या साठ शब्दांचा हिशेब. व्यंजनांचे 15 गट माना, सगळे सारख्या वेळा येतात असे धरा. फक्त पहिले व्यंजन जुळले की 'सारखा' म्हणायचे, तर शंभरात 6–7 शब्द नुसत्या योगायोगाने जुळतील. 'पाणी'समोर नदी, पाऊस, ओले, पिणे असे दहा अर्थ चालवून घेतलेत की आकडा 50 वर जातो. पहिली दोन व्यंजने जुळलीच पाहिजेत अशी अट घातली तर दहा अर्थांची सूट ठेवूनही 4 उरतात. पण समोर एकीऐवजी वीस भाषा ठेवून कुठलीही निवडायची मोकळीक घेतली की पुन्हा 59. तुमचे साठ बहुधा असेच जमले असतील. यात तुमचा दोष नाही, भलेभले इथे घसरले आहेत.

दिसण्यावर जायचे नाही याचे दोन मासले. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. इंग्रजीशी संबंध शून्य. जुने रूप 'गुदागा' झिजून ते झाले. उलट आर्मेनियनमध्ये दोन म्हणजे 'एर्कु', आणि तो संस्कृत 'द्वौ'चा सख्खा भाऊ आहे. मूळच्या 'द्व'चे आर्मेनियनमध्ये 'एर्क' होते. लांब या अर्थाचा 'एर्कार' आणि त्याचा ग्रीक भाऊबंद 'देरोस' हीच साक्ष देतात.

प्रश्न : मामा, पापा, बाबा हे शब्द जगभर आहेत. तोच एका मूळ भाषेचा पुरावा नाही का?

नाही. म, प, ब हे ओठांचे ध्वनी आणि 'आ' हे तान्ह्या मुलाला सर्वांत आधी जमतात, आणि आईबाप ते स्वतःला लावून घेतात. जॉर्जियनमध्ये 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. नात्याच्या कुठल्याही यादीतून हे शब्द आधी वगळावेत.

प्रश्न : मराठीतला 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद हिंदीत नाही, द्राविडी भाषांत आहे. मग मराठी मुळात द्राविडी ठरते का?

निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष चुकीचा. ऐकणाऱ्याला धरून 'आपण', त्याला वगळून 'आम्ही' हा भेद मराठीत द्राविडी शेजारातून आला असे मानले जाते. पण भेदाची कल्पना उसनी, शब्द घरचेच : 'आपण' आत्मन्‌पासून, 'आम्ही' अस्म-पासून. दोन भाषा शतकानुशतके एकाच तोंडात नांदल्या की वाक्याची घडणही इकडून तिकडे जाते. नाते ठरवताना क्रियापदांच्या प्रत्ययांचे ध्वनी आणि त्यांतले विचित्रपण पाहतात. संस्कृत 'अस्ति–सन्ति' आणि लॅटिन 'एस्त–सुंत', दोन्हीकडे अनेकवचनात आरंभीचा स्वर गळतो. असला आडमुठेपणा सहसा कोणी उसना घेत नाही.

प्रश्न : शेवटी जगातल्या सगळ्या भाषा एकाच भाषेतून निघाल्या की नाही?

आज सुमारे 7,000 भाषा आहेत. त्यांची दीडशे ते चारशे कुळे धरतात. एकेकटी भाषा हेही कूळ मोजायचे का, यावर आकडा हलतो. बास्क अशी एकटी आहे, हुंझा भागातली बुरुशास्की आहे, विदर्भाच्या सीमेजवळची निहालीही. 'एकटी' म्हणजे नातलग सापडले नाहीत, एवढेच. नाते सिद्ध करता येते. नाते नाही हे सिद्ध करण्याची कोणतीही रीत नाही.

अडचण काळाची आहे. मॉरिस स्वॉडेश यांच्या अंदाजात शंभर मूलभूत शब्दांपैकी हजार वर्षांत 86 टिकतात. दोन भाषा फुटल्या तर हजार वर्षांनी दोघींत टिकलेले सामाईक 74, सहा हजार वर्षांनी 16, दहा हजारांनी 5. वर योगायोगाचे 4 काढले होते ते आठवा : खरे पाच आणि खोटे चार वेगळे कसे करणार? झीज सगळीकडे सारखी नसते, आइसलँडिक फार सावकाश बदलली. पण दहा हजारांच्या आसपास धुके दाटते हे बहुतेकांना मान्य आहे. माणूस बोलतो आहे त्याच्या कितीतरी पट आधीपासून.

तरीही प्रयत्न झाले. होल्गर पेडरसन यांनी 1903 साली 'नॉस्ट्रॅटिक' महाकुळाची कल्पना मांडली. 1994 साली बेंग्टसन आणि रूलेन यांनी 27 'जागतिक' मुळे दिली, त्यांतले 'तिक' म्हणजे बोट, एक. आमच्या मते हा वर सांगितलेला दहा अर्थ आणि वीस भाषांचाच खेळ आहे. एडवर्ड वाय्दा यांचा 2008चा सैबेरियातली केत आणि उत्तर अमेरिकेतल्या ना-देने भाषांच्या नात्याचा दावा वादग्रस्त असला तरी जास्त गंभीर, कारण तो क्रियापदांच्या रचनेवर उभा आहे.

'सगळ्या' या शब्दाला मात्र उत्तर देता येते, ते 'नाही' असे. निकाराग्वात 1970च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुले शाळेत पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एकत्र आली, आणि त्यांच्यात व्याकरणासह नवी खूणभाषा घडली. तिला आई नाही. खूणभाषांची कुळे बोलभाषांप्रमाणे चालतही नाहीत : अमेरिकन खूणभाषेत 1817 साली हार्टफर्डमध्ये सुरू झालेल्या शाळेमार्फत फ्रेंच खूणभाषेचा वारसा आला, त्यामुळे तिचे नाते पॅरिसशी आहे. ब्रिटिश खूणभाषा तिची कोणी लागत नाही.