गिटहबवर उधारीची वही

प्रश्न : ताई, मी लातूरला पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांच्या उधारीचा हिशोब ठेवायला मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सर म्हणाले, गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) अकाउंट काढ आणि तिथे टाक, नोकरीच्या वेळी लिंक मागतात. ‘स्वीटप्रिन्सेस’ आणि पुढे जन्मसाल असं नाव घेऊन अकाउंट काढलं. लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबंटू आहे. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘गिट ॲड डॉट’ केलं, कमिटही (म्हणजे नोंद) झालं, पण पुश करताना, म्हणजे ते गिटहबवर चढवताना, पासवर्ड घेतच नाही. ब्राउझरमध्ये तोच पासवर्ड चालतो! दोन दिवस झाले. नवीन अकाउंट काढू का? आणि उधारी.सीएसव्ही ही हिशोबाच्या तक्त्याची फाइलपण टाकायची ना? त्याशिवाय प्रोग्रॅम चालणार कसा? मला अहोजाहो करू नका.

उत्तर : बरं, तू म्हणते. पासवर्ड घेतला नाही हे फार बरं झालं बघ. त्या फाइलमध्ये शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर आणि कोणाकडे किती बाकी हे सगळं असणार. बाबा ती वही गल्ल्याखाली ठेवतात ना? तू ती बाजारात उघडून ठेवायला निघाली होतीस. ‘गिट ॲड डॉट’मधला तो डॉट म्हणजे ‘या फोल्डरमध्ये असेल नसेल ते सगळं घे’. तुझ्या कमिटमध्ये ती फाइल आधीच गेलेली आहे.

आता नुसती फाइल डिलीट करून दुसरं कमिट केलंस तर भागणार नाही. गिट जुनं काही विसरत नाही, ते बनवलंच त्यासाठी आहे. हा धडा मी पैसे मोजून शिकलेय. खूप वर्षांपूर्वी एसएमएस पाठवणाऱ्या एका सेवेची किल्ली (पासवर्डसारखा गुप्त कोड) मी कोडमध्येच लिहून ठेवली होती. तेव्हा गिटहबवर खासगी रिपॉझिटरीला (प्रोग्रॅमच्या फोल्डरला) पैसे पडायचे (2019पासून ती फुकट आहे), त्यामुळे माझं सगळं उघड्यावर. रात्री चूक लक्षात आली, ती ओळ काढली, नवं कमिट ढकललं आणि निवांत झोपले. सकाळी त्या सेवेच्या खात्यातला बॅलन्स शून्य. किल्ली मागच्या कमिटमध्ये जशीच्या तशी पडून होती, कोणीतरी उचलली. आधी ती किल्लीच रद्द करायला हवी होती, पण तेव्हा ते कुठलं सुचायला!

तुझं अजून काहीच वर गेलेलं नाही आणि कमिटही एकच आहे, म्हणून सोपं आहे. फोल्डर उघडून कंट्रोल-एच दाब. लपलेला ‘डॉट गिट’ नावाचा फोल्डर दिसेल, तेवढा काढून टाक. तुझ्या प्रोग्रॅमला धक्का लागत नाही, जातो तो गिटचा इतिहास आणि गिटहबचा जोडलेला पत्ता; तो पत्ता पुश करायच्या आधी ‘गिट रिमोट ॲड’ने पुन्हा जोड. मग ‘गिट इनिट’, आणि दुसरं काहीही करायच्या आत ‘डॉट गिटइग्नोर’ नावाची फाइल बनवून तिच्यात उधारीच्या फाइलचं नाव लिही, म्हणजे गिट ती घेणार नाही. सेव्ह केल्यावर ही फाइल गायब झाल्यासारखी वाटेल. घाबरू नकोस, नावाची सुरुवात डॉटने झाली की उबंटू ती लपवतो. प्रोग्रॅम चालून दिसावा म्हणून नमुना.सीएसव्ही बनव, पाच-सहा खोटी नावं, खोटे आकडे. मग ‘गिट ॲड’, त्यानंतर ‘गिट स्टेटस’, आणि हिरव्या अक्षरांतली यादी एकेक नाव करून वाच. मी अजूनही वाचते.

आता पासवर्ड. तुझा पासवर्ड बरोबरच आहे. 13 ऑगस्ट 2021पासून गिटहबने पुश-पुलसाठी पासवर्ड घेणंच बंद केलंय, टर्मिनल (तू कमांड टाइप करतेस ती खिडकी) मात्र अजून ‘पासवर्ड’ असंच विचारतं. तिथे टोकन, म्हणजे गिटहबने बनवून दिलेला लांबलचक कोड, द्यायचं. गिटहबच्या सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली डेव्हलपर सेटिंग्ज आहे, त्यात पर्सनल ॲक्सेस टोकन. फाइन-ग्रेन्ड निवड, फक्त ही एकच रिपॉझिटरी दे, ‘कंटेन्ट्स’ला रीड अँड राइट परवानगी दे आणि मुदत घाल. टोकन एकदाच दिसतं, तेव्हाच कॉपी कर. टर्मिनलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्हीने चिकटवलंस की स्क्रीनवर काहीच उमटत नाही, एक टिंबसुद्धा नाही. तरी एंटर दाब. आणि हे टोकनही कुठल्या फाइलमध्ये लिहून कमिट करू नकोस, म्हणजे झालं.

नवीन अकाउंट नको. एका माणसाला एकच फुकट अकाउंट असा त्यांचा नियम आहे. नाव सेटिंग्जमधून बदलता येतं. नाव, आडनाव, मध्ये हायफन, एवढं पुरे. प्रिन्सेस राहिलीस तरी कोड चालेल, पण ती लिंक अर्जावर लिहिताना तुलाच कसंतरी होईल.

ईमेलचं सहसा कोणी सांगत नाही. प्रत्येक कमिटवर तुझा ईमेल छापला जातो आणि उघड्या रिपॉझिटरीत तो कोणालाही वाचता येतो. सेटिंग्जच्या ईमेल पानावर पत्ता खासगी ठेवण्याची सोय आहे. ती चालू केलीस की ‘नोरिप्लाय’वाला एक पत्ता मिळतो. तोच लॅपटॉपवर ‘गिट कॉन्फिग’मध्ये घाल, पहिल्या कमिटच्या आधी. तिथे भलताच ईमेल राहिला तर प्रोफाइलवरचे, रोजचं काम दाखवणारे हिरवे चौकोन भरत नाहीत आणि मुलं उगाच हळहळत बसतात.

दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागणारी) लाव. ती लावताना फोन नसला तरी आत जाता यावं म्हणून रिकव्हरी कोड मिळतात, ते कागदावर उतरव. फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवू नकोस, कारण हरवणार तो फोनच. माझे कोड कपाटात रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. घरातले हसतात, पण मागच्या वेळी फोन पाण्यात पडला तेव्हा त्या कोडनीच तारलं.

राहिलं रीडमी, म्हणजे रिपॉझिटरी उघडल्यावर दिसणारी माहितीची फाइल. प्रोग्रॅम कसा चालवायचा ते दोन ओळींत लिही, इंग्रजीत लिही, खाली मराठीतही चालेल. आणि एक गोष्ट मुद्दाम घाल : ही उधारी महिन्याला फिटत नाही, सोयाबीन विकलं की फिटते. तुझ्या प्रोग्रॅममध्ये त्याचा हिशोब कुठे धरलाय तेही सांग. नसेल धरला, तर बाबांना विचारून आधी ते लिही. तेच तुझं दुसरं कमिट.