सीएनसी राउटर घेताय? किलोवॅटच्या आधी पॅरामीटरचा कागद मागा

तुम्ही विचारलंय की घरगुती फर्निचरच्या लहान कारखान्यासाठी ३ किलोवॅट स्पिंडलचा (बिट फिरवणाऱ्या मोटरचा) सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारं मशीन, घ्यावं की ६ चं. पण मी अडकलो ते तुमच्या पुढच्या वाक्यापाशी: "सेटिंग आमचा माणूस करून जाईल, तुम्हाला त्यात पडायची गरज नाही, असं विक्रेता म्हणतो." जवळजवळ याच शब्दांत मलाही हेच सांगितलं होतं. म्हणून किलोवॅटचं नंतर बघू.

माझा स्पिंडल एअर-कूल्ड, २४,००० आरपीएमचा, म्हणजे ४०० हर्ट्झचा. अशा स्पिंडलला पूर्ण २२० व्होल्ट मिळायचे असतात ते ४०० हर्ट्झला. वेग कमी केला की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरलं पाहिजे. स्पिंडलचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हला (म्हणजे व्हीएफडीला) हे कळतं ते बेस फ्रिक्वेन्सी या एका पॅरामीटरवरून, म्हणजे पूर्ण व्होल्टेज किती हर्ट्झला द्यायचं ते सांगणाऱ्या सेटिंगवरून. बरेचसे व्हीएफडी साध्या मोटरसाठी सेट होऊन येतात, त्यामुळे तिथे ५० असतं. मशीन बसवायला आलेल्या माणसाने कमाल फ्रिक्वेन्सी ४०० केली आणि बेस ५० वरच राहू दिली. स्पिंडल फिरतो, डिस्प्लेवर आकडा बरोबर दिसतो, ट्रायलचा पीसही छान निघतो. पण ८,००० आरपीएमला, म्हणजे साधारण १३३ हर्ट्झला, जिथे ७३ व्होल्ट पुरतात तिथे पूर्ण २२० जात राहतात. वाइंडिंग आतून भाजतं.

लक्षण स्पष्ट होतं: जितका हळू फिरवावा तितका जास्त तापायचा, मधूनच करंट जास्त झाला म्हणून ड्राइव्ह आपोआप बंद (ट्रिप) व्हायचा. सर्व्हिस विभागाला कळवलं तर उत्तर आलं, पंखा शाफ्टवरच आहे, स्पिंडल हळू फिरला की हवा कमी मिळते, तापणारच. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच घातक. ड्राइव्हची पॅरामीटर यादी मागितली, तर ती कंपनीची अंतर्गत माहिती. पासवर्ड मागितला, तर वॉरंटी जाईल. शेवटी स्पिंडल जळला तेव्हा निदान न उघडताच ठरलेलं होतं: धूळ शिरली, वॉरंटीत बसत नाही. फोटो पाठवा, आता व्हिडिओ पाठवा, आता तोच फॉर्म पुन्हा भरा. दर वेळी फोनवर नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायची. नवा स्पिंडल स्वतःच्या पैशाने आणला, तोही तसाच तापायला लागला. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराने स्पिंडलची प्लेट वाचली, ड्राइव्हचा मेनू उघडला आणि बेस फ्रिक्वेन्सीच्या ५० वर बोट ठेवलं. हातातली ऑर्डर तोवर गेली होती. त्या विभागाने एका पानाची यादी दिली असती तर हे पहिल्याच आठवड्यात मिटलं असतं, याचा राग मला आजही येतो.

म्हणून माझं ठाम मत: शेवटचा हप्ता देण्याआधी ड्राइव्हची पूर्ण पॅरामीटर यादी, कंट्रोलरचा बॅकअप, सगळे पासवर्ड, वायरिंगची आकृती आणि तुमच्या सॉफ्टवेअरचा चालणारा पोस्ट-प्रोसेसर (डिझाइनचं मशीनला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणारी फाइल) हातात घ्या. तोंडी कबुली नको, कोटेशनमध्येच लिहून घ्या. जो विक्रेता यावर आढेवेढे घेईल त्याचं मशीन कितीही भारी दिसलं तरी मी घेणार नाही. आणि स्पिंडलच्या प्लेटवरचे व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ ड्राइव्हमधल्या आकड्यांशी जुळवून बघा, शक्यतो तो माणूस समोर असतानाच.

इथे एक सांगून ठेवतो. मी सुतारकाम करणारा आहे, इलेक्ट्रिशियन नाही. मेनूतले आकडे वाचणं वेगळं आणि ड्राइव्हचं झाकण उघडणं वेगळं. सप्लाय बंद केल्यावरही आतले कपॅसिटर काही मिनिटं भरलेले असतात, तिथे जाणकारालाच हात घालू द्या. मेक आणि मॉडेलप्रमाणे पॅरामीटरचे नंबरही बदलतात, त्यामुळे माझे नंबर मुद्दाम देत नाही.

ताबा घेताना आणखी एक तपासणी स्वतः करा. १२०० बाय २४०० मिमीचा आयत कापायला लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २६८३ मिमीच्या आसपास आणि एकमेकांइतके यायला हवेत. त्यांच्यात २ मिमीचा फरक असेल तर १२०० च्या बाजूवर गुण्यात (काटकोनात) १ मिमीहून जास्त चूक आहे, आणि कपाटाचं दार लावताना ती दिसणारच. गँट्रीच्या (स्पिंडल वाहून नेणाऱ्या आडव्या पुलाच्या) दोन्ही बाजूंना वेगळ्या मोटर असतील तर हे जुळवता येतं, फक्त कसं ते त्यांच्याकडून त्याच वेळी शिकून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. प्लाय आणि एमडीएफच्या कामाला ३ किलोवॅट पुरतो, असं मला वाटतं. ६ मिमीचं दोन धारांचं बिट १८,००० आरपीएमला चालवलं आणि प्रत्येक धारेला ०.२ मिमी चिप धरली तर फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, ७,२०० मिमी प्रति मिनिट येतो. लहान कारखान्यात याहून जास्त वेग क्वचितच लागतो. दिवसभर जाड सागवान खोदायचं असेल तर गणित बदलेल, तो अनुभव मला नाही.

वाचलेले पैसे व्हॅक्यूम (हवा ओढून शीट टेबलाला धरून ठेवणारा पंप) आणि धुळीकडे वळवा. पंपाने ०.७ बार ओढला तरी दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.७ किलोचा दाब मिळतो. मोठ्या शीटला तो भरपूर होतो, पण ५ बाय १० सेंटिमीटरच्या तुकड्यावर जास्तीत जास्त ३५ किलो, तोही खाली दाबणारा. बाजूला सरकण्याविरुद्ध त्याचा एखादा हिस्साच कामी येतो. म्हणून लहान तुकड्यांना टॅब (शीटला जोडून ठेवणारे न कापलेले छोटे पूल) ठेवा किंवा अर्धा मिमी थर सोडून शेवटच्या पासला कापा. असा पंप बऱ्याचदा ५.५ किंवा ७.५ किलोवॅटचा असतो, म्हणजे तुमच्या स्पिंडलपेक्षा मोठा. विजेचा लोड मागताना लोक स्पिंडल मोजतात आणि पंप विसरतात, डस्ट कलेक्टर तर हमखास.

डस्ट कलेक्टर "पुढे बघू" म्हणून टाळू नका. लाकडाची धूळ १९९५ पासून आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये. शेजारी काम करणाऱ्या पोरांच्या छातीत ती रोज जाते.

जाता जाता बिटांबद्दल. लॅमिनेट लावलेल्या शीटला कॉम्प्रेशन बिट (खालची धार वर आणि वरची धार खाली कापणारं) वापरणार असाल तर पहिला पास पुरेसा खोल घ्या. खालचा अप-कट भाग वरच्या कडेपाशी राहिला तर लॅमिनेट उडतं आणि दोष मशीनला दिला जातो. बिट पकडून ठेवणारा कॉलेटही झिजतो, तो वेळेवर बदला.

तुमचे सगळ्यात लहान तुकडे किती मापाचे असतात ते लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर पंप किती मोठा लागेल, की क्लॅम्पवरच भागेल, हे जरा नेमकं सांगता येईल.