फार्मासिस्टला शंका येते ती कशावरून?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची असून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्रित गोळी बरीच वर्षे घेत आहे. मे महिन्यात गुडघेदुखीसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला डायक्लोफेनॅक लिहून दिले. नेहमीच्या दुकानातील फार्मासिस्टने गोळ्यांची पट्टी काढली, पण आईकडे पाहून ती हातातच ठेवली, काही प्रश्न विचारले आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी औषध बदलून पॅरासिटामॉल दिले. हा निव्वळ अंदाज होता का, आणि अशा अंदाजावर कितपत विसंबावे?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : सुरुवात बहुधा अंदाजातूनच झाली असावी; निर्णय मात्र पूर्ण विचारान्ती झालेला दिसतो.

टेल्मिसार्टनमुळे मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सैल होते आणि गाळणीतील दाब उतरतो. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी व क्षार बाहेर टाकते. शरीरातील पाणी कमी झाले की गाळणीकडे रक्त आणणारी वाहिनी उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात, आणि डायक्लोफेनॅक नेमकी तीच तयार होऊ देत नाही. ही तिन्ही औषधे एकत्र आली आणि त्यात पारा पंचेचाळीसच्या घरात नेणारा नागपूरचा मे महिना असला, तर उतारवयातील माणसाचे मूत्रपिंड काही दिवसांत अडचणीत येऊ शकते. आपल्या आईंची रोजची गोळी ठाऊक असलेल्या, नवी चिठ्ठी हातात असलेल्या आणि समोर कदाचित थकलेला चेहरा व कोरडे ओठ पाहणाऱ्या फार्मासिस्टच्या मनात ही साखळी शब्दांत उमटण्याआधीच हात थांबला असेल. १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हर्बर्ट सायमन तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेकडे याच दृष्टीने पाहत: पूर्वी अनेकदा पाहिलेली खूण पुन्हा ओळखू येणे.

मला त्यापुढचे प्रश्न अधिक मोलाचे वाटतात. आपण ते लिहिलेले नाहीत, पण अशा वेळी लघवी नेहमीइतकी होते का, जुलाब-उलट्या झाल्या का, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी केव्हा झाली, घरातली दुसरी एखादी वेदनाशामक गोळी सुरू आहे का, हे विचारले जाते. यांतले प्रत्येक उत्तर शंका बळकट करू शकते किंवा मोडून काढू शकते. आपली शंका चुकीची ठरण्याची संधी तिला देणे, यालाच मी तर्क म्हणतो.

हीच अंतःप्रेरणा दगाही देते, विशेषतः जेव्हा ती ‘सर्व ठीक आहे’ असे सांगते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. परंतु बहुतेक गोळ्या रोजच्या असल्यामुळे चिठ्ठीवर चुकून ‘रोज एक’ लिहिले गेले, तर सरावलेल्या नजरेला त्यात काहीच खटकत नाही, आणि रोज घेतलेले हे औषध अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती दाबून जिवावर बेतू शकते. म्हणून अशा मोजक्या औषधांच्या बाबतीत, कितीही खात्री वाटली तरी आणि संध्याकाळी दुकानात कितीही गर्दी असली तरी, दिवस कोणता व मात्रा किती हे दर वेळी विचारलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक अडचण आहे. दुकानातून औषध घेऊन गेलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे फार्मासिस्टला क्वचितच कळते, त्यामुळे त्याचा अंदाज बरोबर होता की चूक, हे तपासले जात नाही. वॉर्डात काम करणाऱ्या क्लिनिकल फार्मासिस्टला दुसऱ्या दिवशीचे रक्ताचे अहवाल दिसतात आणि त्याची नजर त्यातून घडत जाते. भारतात २००८ पासून सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म. डी. या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमात शेवटचे वर्ष रुग्णालयात काढावे लागते, ते मला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटते. आपल्यासारख्या ग्राहकांनीही ‘त्या गोळीने पित्त झाले’, ‘नव्या गोळीने पायावर सूज आली’ असे परत येऊन सांगितले, तर दुकानातल्या फार्मासिस्टलाही ते शिक्षण मिळेल.

फार्मासिस्टने फोन न करता स्वतःच गोळी बदलून दिली असती, तर ते नियमबाह्य ठरले असते. डायक्लोफेनॅकच्या गोळ्या शेड्यूल एचमध्ये, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायच्या औषधांच्या यादीत, येतात आणि औषध नियम, १९४५ नुसार अशा औषधाच्या जागी परस्पर दुसरे औषध देता येत नाही. शंका आली की चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलणे हाच त्याचा मार्ग होता. आपण मात्र आईंची रक्तदाबाची गोळी या उत्तरावरून बंद करू नये. उन्हाळ्यात जुलाब किंवा उलट्या झाल्यास ती काही दिवस थांबवायची का, हे त्यांच्या डॉक्टरांना आताच विचारून ठेवावे.