डिसेंबरात नाशिकहून श्रीनगरला कांद्याची गाडी न्यायची आहे. कूलंट टाकलंय, आणखी काय तयारी करू?

कूलंट टाकलंय, पण किती? निम्मं कूलंट, निम्मं पाणी असेल तर उणे ३५ पर्यंत काळजी नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल निव्वळ असेल तर मात्र उणे १३ च्या आसपासच गोठतं, म्हणून जास्त घट्टही नको. वाटेत पातळी उतरली म्हणून ढाब्याच्या नळाचं पाणी ओतत गेलात, तर सगळी तयारी पाण्यात.

गाडी खरी अडते ती डिझेलवर, आणि याच मुद्द्यावर मी मालकांशी आजवर भांडत आलोय. हिशेब सोपा पडतो म्हणून आपलं खातं असलेल्या इथल्या पंपावरच टाक्या फुल्ल करायला लावतात. भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे, हिवाळी डिझेलला ६. थंडीत मेण सुटतं आणि फिल्टरच्या कागदावर सायीसारखं बसतं. इंजिन सुरू होतं, दहा मिनिटांत दम टाकतं. मग बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारायचा, नाहीतर टाकीखाली चिंध्या पेटवायच्या! पाईप आणि वायरिंग तिथूनच जातं, हे कुणाला आठवत नाही. रॉकेल मिसळायचा सल्लाही मिळेल. बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत त्यातलं सल्फर सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या यंत्रणेची वाट लावतं.

त्यापेक्षा खोऱ्यात उतरताना टाकी कमी ठेवा, काझीगुंडच्या पुढे तिथल्या हिवाळी डिझेलने भरा आणि नवं डिझेल फिल्टरपर्यंत पोचेल इतकी गाडी चालवूनच रात्रीसाठी बंद करा. फिल्टरखालचं पाणी आधीच काढा, एक फिल्टर जादा ठेवा. धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी काठोकाठ नको, तो उणे ११ ला गोठून फुगतो.

ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत साचलेलं पाणी रोज संध्याकाळी सोडा. व्हॉल्व्हमध्ये गोठलं तर सकाळी ब्रेक सुटत नाही, किंवा लागत नाही. या हवेतली ओल शोषणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज जुनं असेल तर इथेच बदला. ओल्या रस्त्यावरून आल्यावर थांबण्याआधी हलके ब्रेक मारून ड्रम कोरडे करा.

नाशकात ३० अंशांत भरलेली १२० ची हवा उणे पाचात १४-१५ पीएसआयने उतरते. तिथे पहाटे, टायर थंड असताना बघून भरा. परतताना तेवढीच काढा. बर्फासाठीच्या साखळ्या लावायच्या त्या इंजिन फिरवतं त्या चाकांना, त्याही घरी एकदा चढवून बघा.

फक्त ‘टाकी कमी’ म्हणजे रिकामी नव्हे. रामबन-बनिहालकडे दरड कोसळली की रस्ता दोन-दोन दिवस बंद राहतो, तेव्हा पाव टाकीच्या खाली जाऊ नका. आणि अडकलात तरी बंद केबिनमध्ये सिगडी पेटवून झोपू नका, त्यातल्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो.