मिश्रणाच्या गणितात कोणतं विधान पुरेसं, हे कसं ओळखायचं?

तुम्ही म्हणताय की मिश्रणाची साधी गणितं सुटतात, पण दोन विधानं देऊन 'उत्तरासाठी यातलं कोणतं पुरेसं?' असं विचारलं की गाडी अडते. विधानांकडे नंतर वळा. आधी प्रश्नात काय मागितलंय ते बघा: टक्के, दर, गुणोत्तर यांपैकी काही, की थेट लिटर-किलो?

मी कुडाळला मुलांकडून बँकेच्या परीक्षांची तयारी करून घेतो, त्यामुळे माझी गणितं दुधा-पाण्याची नसतात. हे घ्या: ४० टक्के साखरेचं आणि ७० टक्के साखरेचं अमृत कोकम एकत्र केलं. मिश्रणात साखर किती टक्के? विधान १: पहिलं दुसऱ्याच्या दुप्पट घेतलं. विधान २: मिश्रण एकूण १२ लिटर झालं.

बरीच मुलं 'दोन्ही मिळून' हा पर्याय निवडतात. लिटर दिसल्याशिवाय त्यांना चैनच पडत नाही. पण टक्के काढायला लिटर लागतात कुठे? २:१ कळलं की ५० टक्के ठरले, मग मिश्रण १२ लिटर असो की १२ पिंपं. एकटं विधान १ पुरेसं. '७० टक्केवालं किती लिटर घेतलं?' असं विचारलं असतं, तर मात्र दोन्ही लागली असती (४ लिटर).

खरी मेख पुढे आहे. अख्खे काजू ११०० रुपये किलो, पाकळी (म्हणजे दोन भाग झालेले काजू) ८०० रुपये किलो. दोन्ही मिसळले, तर पाकळी किती किलो? विधान १: मिश्रण ९०० रुपये किलोने पडलं. विधान २: पाकळी अख्ख्या काजूंच्या दुप्पट होती. दोन अज्ञातं, दोन समीकरणं, झालं काम असं वाटतं ना? आता तिरकी वजाबाकी करा, म्हणजे एकाच्या दराचा मिश्रणाच्या दराशी जो फरक, तो दुसऱ्याचा वाटा. ११०० वजा ९०० म्हणजे २००, ९०० वजा ८०० म्हणजे १००. पाकळी आणि अख्खे २:१, म्हणजे विधान २ ने नवीन काही सांगितलंच नाही! वजन कुठेच नाही, त्यामुळे दोन्ही मिळूनही अपुरंच. असल्या जोड्या पेपरात मुद्दाम पेरलेल्या असतात.

'हो की नाही' छापाच्या प्रश्नात तर भलेभले फसतात. आधीची दोन्ही विधानं विसरा. याच काजूंच्या मिश्रणाचा दर १००० पेक्षा जास्त आहे का? विधान एवढंच: पाकळी अख्ख्यांपेक्षा जास्त आहे. निम्मे-निम्मे असते तर ९५० पडले असते, पाकळी जास्त म्हणजे दर त्याहून खालीच. नेमका किती, ते कळलं नाही तरी उत्तर ठाम 'नाही' आलं, आणि ठाम 'नाही' आलं तरी विधान पुरेसंच धरायचं. उत्तर कधी 'हो', कधी 'नाही' येऊ शकत असेल, तरच ते अपुरं.