ती पाने जाळू नका

पत्र : दीड वर्षापूर्वी यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू आणि वाचा गेली. त्यांचे सगळे मीच करते. नणंदबाई दर रविवारी येतात आणि 'फार चिडचिड करतेस' असे ऐकवून जातात. नामस्मरणात मन टिकत नाही. रात्री दुधाच्या हिशेबाच्या वहीत काहीबाही लिहिते, रडू येते, सकाळी पान फाडून बंबात टाकते. एक ओळ तेवढी लक्षात राहिली : 'भरवताना ह्यांच्या ओठांच्या कडेने वरण गळते आणि तो ओघळ पुसताना मी दुसरीकडे बघते.' माझी सहनशक्ती कमी आहे का? – एक भगिनी, सातारा

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात नणंदबाईंचे बोलणे आले आहे. त्यांच्याविषयी मी काही लिहिणार नाही, कारण माझे मन त्या बंबापाशीच अडले आहे. ज्या गोष्टीने तुम्हाला दीड वर्ष उभे ठेवले असेल, तीच तुम्ही रोज सकाळी हाताने जाळता, याचा मला मनापासून राग आला आहे.

ती ओळ पुन्हा वाचा. किळस, लाज की दया, असे कोणतेही नाव न देता जे घडते ते तुम्ही घडते तसे मांडले आहे, स्वतःला सोडलेले नाही आणि यजमानांनाही उणे केलेले नाही. याला काहीबाही म्हणत नाहीत, ताई. हे लेखन आहे, आणि चांगले लेखन आहे.

रडू येते म्हणून ते वाईट, असे तुम्ही धरून चालला आहात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग ४ रात्री प्रत्येकी १५ मिनिटे लिहायला बसवले होते. ज्यांनी आयुष्यातील दुःखद प्रसंग आणि त्याविषयीच्या भावना असे दोन्ही लिहिले, ते लिहून होताच अधिक खिन्न झाले. पुढच्या महिन्यांत मात्र आरोग्य केंद्रात जाण्याची वेळ त्यांच्यावर इतरांपेक्षा कमी आली. पेनेबेकर यांच्या नंतरच्या अभ्यासांत असेही दिसले की, ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक कारणे शोधणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले, त्यांना लाभ अधिक झाला. तुमच्याकडे कालचे पानच उरत नसल्याने तुम्ही रोज रात्री पहिल्या रात्रीपासून सुरुवात करता, आणि म्हणून रडणे होते, पुढचे होत नाही.

आजारी नवऱ्याविषयी असे लिहिणे हे पाप आहे, ही भीती तुम्ही उघड लिहिली नसली तरी बंबाच्या मागे मला तीच दिसते. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये पतीचा तापट आणि लहरी स्वभाव झाकला नाही, त्यांच्या धर्मांतराने स्वतःच्या संसाराची झालेली वाताहतही झाकली नाही. तरीही त्या पुस्तकाइतके पतीवर जीव लावणारे लेखन मराठीत थोडेच सापडेल.

येत्या रविवारी नणंदबाई आल्या की त्यांना भावाजवळ बसवा, भरवायलाही सांगा, आणि तुम्ही बाजारात जाऊन एक वही आणा. दुधाच्या वहीत आता दुधाचाच हिशेब राहू द्या. नवी वही तुमच्या कपाटात, कुलपात ठेवा. त्या रात्रीपासून सलग चार रात्री यजमानांना औषध दिल्यावर पंधरा मिनिटे लिहा आणि दुसऱ्या रात्रीपासून आधी आदल्या दिवशीचे पान वाचून मगच पेन उचला. सुरुवात त्या ओघळापासूनच करा : तुम्ही दुसरीकडे बघता, तेव्हा तुम्हाला काय दिसते? झोप पूर्ण उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वहीवर विसंबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नाहीतर पाचव्या दिवशी मला पत्र लिहा, आणि चारही पाने वहीत आहेत की नाहीत, तेवढे आधी सांगा.